५६० मीटरची टेकडी १२,२९० मीटरची कशी होते

एका फाइलीत जमिनीच्या उंचीचे आकडे होते, दुसरं काहीच नव्हतं. ती वाचायला मी दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो पहिल्याच फटक्यात चालला, एकही एरर आली नाही, आणि पडद्यावर पहिला आकडा उमटला: १२,२९० मीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटरचं आहे. शेजारचा बिंदू, जेमतेम नव्वदेक मीटर अंतरावरचा, १२,५४६ मीटर दाखवत होता. म्हणजे जगातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर जवळपास साडेतीन किलोमीटर, आणि तिथून लगेच आणखी अडीचशे मीटरचा कडा.

खरे आकडे होते ५६० आणि ५६१. फाइलीत तेच लिहिलेले होते. डिस्क शाबूत, फाइल शाबूत, प्रोग्रामही आपल्या परीनं बरोबर. फक्त वाचताना माझ्याकडून ‘ध’चा ‘मा’ झाला होता. तो कसा झाला हे कळलं की बायनरी फाइल वाचण्यातलं निम्मं गुपित कळतं.

कोणतीही फाइल म्हणजे एकापाठोपाठ एक ठेवलेले बाइट. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणजेच ० ते २५५ मधला एक आकडा. फाइलीत याखेरीज काही नसतं. आपण ज्याला ‘टेक्स्ट फाइल’ म्हणतो तीही अशीच असते. तिच्यातल्या बाइटचा अर्थ अक्षरांच्या एका सर्वमान्य तक्त्यावरून लावायचा, एवढा करार तिच्याबाबत आधीच झालेला असतो. यूटीएफ-८ या तक्त्यात ‘क’ हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटनी लिहितात. ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइट घेतो, कारण काना आणि वेलांटी यांचेही तीन-तीन बाइट वेगळे मोजावे लागतात. हेच बाइट दुसऱ्या तक्त्यावरून वाचले की पडद्यावर जे चित्रविचित्र अक्षरांचं कडबोळं दिसतं, ते मराठीत संगणक वापरणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं आहे.

बायनरी फाइलीत असा सर्वमान्य तक्ता नसतो. कुठले बाइट मिळून एक आकडा होतो, तो पूर्णांक की अपूर्णांक, कुठे थांबायचं, पुढचा तुकडा कुठे सुरू होतो, हे सगळं त्या-त्या फॉरमॅटच्या नियमांत लिहिलेलं असतं. मोडीतलं जुनं दफ्तर वाचणाऱ्यांना ही अडचण चांगली ओळखीची वाटेल. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नसत. कागदावर सलग ओळ असते. शब्द कुठे संपतो हे ठरवण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची.

एक उदाहरण घेऊ. ०, ०, १२८, ६३ असे चार बाइट समोर आहेत. हा चार बाइटचा एक पूर्णांक आहे असं मानलं आणि लहान स्थान आधी धरलं, तर उत्तर १,०६,५३,५३,२१६. मोठं स्थान आधी धरलं, तर ३२,८३१. दोन-दोन बाइटचे दोन आकडे मानले आणि लहान स्थान आधी धरलं, तर ० आणि १६,२५६. दशांश आकडे साठवायच्या आयट्रिपलई ७५४ या पद्धतीनं, पुन्हा लहान स्थान आधी धरून वाचलं, तर उत्तर बरोबर १. चारही उत्तरं गणिताच्या दृष्टीनं बिनचूक आहेत. यांतलं लिहिणाऱ्याच्या मनातलं कोणतं, हे त्या चार बाइटकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळणार नाही.

पंचवीस आणि २५

‘लहान स्थान आधी’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावायला फार कष्ट पडू नयेत. ‘पंचवीस’ म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र २५: आधी दोन, मग पाच. आकडा तोच, बोलण्याचा क्रम एक आणि लिहिण्याचा दुसरा. संगणकाच्या जगातही हेच दोन पंथ आहेत. ५६० हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, कारण तिथे २५५ च्या पुढे जागाच नाही. म्हणून त्याचे दोन भाग करतात: २ आणि ४८, कारण २ गुणिले २५६ अधिक ४८ म्हणजे ५६०. आता फाइलीत आधी २ ठेवायचा की ४८? मोठं स्थान आधी ठेवलं तर त्याला बिग-एंडियन म्हणतात, लहान आधी ठेवलं तर लिटल-एंडियन.

माझ्या फाइलीत २, ४८ असं होतं. माझ्या प्रोग्रामनं ते लिटल-एंडियन समजून वाचलं: ४८ गुणिले २५६ अधिक २, म्हणजे १२,२९०. पुढचा आकडा ५६१, म्हणजे २ आणि ४९. तो झाला १२,५४६. खऱ्या उंचीत एका मीटरचा फरक पडला की माझ्याकडे २५६ मीटरची उडी दिसत होती. शेजारशेजारच्या आकड्यांत २५६ च्या पटीत उड्या दिसल्या की आधी बाइटच्या क्रमावर संशय घ्यावा, हे तेव्हापासून डोक्यात बसलं आहे.

ही नावं १९८० साली डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञानं रूढ केली. गलिव्हरच्या प्रवासांच्या गोष्टीत अंडं मोठ्या टोकाकडून फोडावं की लहान, यावरून दोन पक्ष भांडतात. तिथून ती उचललेली. वाद तितकाच पोरकट आहे, कारण दोन्ही क्रम सारखेच चालतात. पण आज डेस्कवरचे आणि खिशातले बहुतेक संगणक लिटल-एंडियन पद्धतीनं चालतात, तर इंटरनेटचे मूळ नियम आणि बरेचसे जुने फॉरमॅट बिग-एंडियन आहेत. त्यामुळे दोन्ही जाणून घेतल्यावाचून सुटका नाही. आणि ‘एकशे पंचवीस’ म्हणताना आपण शंभर आधी, मग पाच, मग वीस अशी जी सरमिसळ करतो, तीही संगणकात होऊन गेली आहे. पीडीपी-११ या जुन्या यंत्रावर ३२ बिटांच्या आकड्याचा मोठा अर्धा भाग आधी ठेवत, पण प्रत्येक अर्ध्याच्या आत लहान बाइट आधी असे.

हेडर नसलेली फाइल

ती उंचीची फाइल कुठून आली तेही सांगतो, कारण शिकायला ती फार चांगली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या स्पेस शटलनं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमिनीची उंची मोजली. ती मोहीम एसआरटीएम या नावानं ओळखली जाते. तिच्या ‘एचजीटी’ फाइलींना डोकंच नसतं: वर नाव नाही, आकार नाही, तारीख नाही. पहिल्या बाइटपासून थेट उंची. प्रत्येक उंची दोन बाइटची, बिग-एंडियन, चिन्हासह. कोणता प्रदेश आहे हे फाइलीच्या नावावरून समजतं, आणि किती ओळी-रकाने आहेत हे फाइलीच्या आकारावरून. फाइल २८,८४,८०२ बाइटची असेल तर निम्मे करून १४,४२,४०१ उंची, आणि त्याचं वर्गमूळ १,२०१. म्हणजे १,२०१ ओळी, १,२०१ रकाने. यापेक्षा बारीक मोजणीच्या फाइलीत ३,६०१ गुणिले ३,६०१ बिंदू असतात. फाइलीचा आकार हा फुकट मिळणारा पुरावा आहे. अनोळखी फाइल हाती आली की मी सगळ्यात आधी तोच पाहतो.

‘चिन्हासह’ या शब्दाकडे दुर्लक्ष केलं तर दुसरा खड्डा तयार आहे. दोन बाइटमध्ये ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात. ते ० ते ६५,५३५ असे मोजायचे, की उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ असे, हे पुन्हा करारावर. २५५, २५५ हे दोन बाइट एका वाचनात ६५,५३५ आणि दुसऱ्या वाचनात उणे १. समुद्रसपाटीखालची जमीन असल्यामुळे उंचीच्या फाइलीत उणे आकडे लागतातच. शिवाय उणे ३२,७६८ ही खूण तिथे ‘या जागेची उंची मिळाली नाही’ अशा अर्थानं वापरली आहे. उभ्या डोंगरांच्या आडोशाला रडार पोचलं नाही तिथे ती सापडते.

या खुणेनं मला जास्त शिकवलं. तिचे बाइट आहेत १२८ आणि ०. उलट क्रमानं वाचले की त्यांचा आकडा होतो १२८. मीटर १२८! म्हणजे बाकीचा नकाशा एव्हरेस्टच्या वर गेलेला असताना माहिती नसलेल्या जागा मात्र अगदी शहाण्यासारख्या, विश्वास बसेल अशा उंचीवर पसरलेल्या होत्या. बारा हजार मीटरची टेकडी कुणीही पकडेल. १२८ मीटरचं खोटं मैदान पकडायला आधीच संशय असावा लागतो. बायनरी फाइलीतल्या चुका अशाच असतात. ज्या ओरडतात त्या परवडल्या.

भाषेनं हातात दिलेली अवजारं

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत फाइल उघडताना ‘ओपन’ला ‘आरबी’ हा मोड द्यायचा. त्यातला ‘बी’ विसरलात तर भाषा त्या बाइटना अक्षरं समजून त्यांचा उलगडा करू पाहते. पीएनजी चित्र असं उघडलं तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच बाइटला एरर येते, कारण तो बाइट १३७ असतो आणि यूटीएफ-८ मध्ये १३७ नं कोणतंच अक्षर सुरू होऊ शकत नाही. ही एरर म्हणजे उपकारच. सी भाषेत विंडोजवर हीच चूक केली तर काही न बोलता १३ आणि १० या जोडीतला १३ गाळला जातो, आणि २६ हा बाइट आला की फाइल संपली असं मानून वाचन थांबतं. चित्र अर्धवट का आलं म्हणून माणूस दिवसभर डोकं धरून बसतो.

‘आरबी’नं उघडल्यावर हातात नुसते बाइट येतात. त्यांचा आकडा करायला पायथॉनमध्ये ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूल आहे. त्याच्या ‘अनपॅक’ला एक छोटी अक्षरमाळ द्यायची: एक अक्षर म्हणजे एक बाइटचा आकडा, दुसरं दोन बाइटचा, तिसरं चार बाइटचा, आणखी एक अपूर्णांकाचा. मोठ्या लिपीतलं अक्षर चिन्हाविना, छोट्या लिपीतलं चिन्हासह. माळेच्या सुरुवातीला < असेल तर लिटल-एंडियन, > असेल तर बिग-एंडियन. माझी सगळी चूक या एका खुणेची होती.

ही खूण वगळली तर काय होतं, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. भाषा मग चालू यंत्राचा क्रम घेते, इथवर ठीक. पण ती यंत्राच्या सोयीनं मधे रिकामे बाइटही सोडते. एक बाइटचा आकडा आणि त्यामागे चार बाइटचा, म्हणजे पाच बाइट व्हायला हवेत. नेहमीच्या संगणकावर मोजमाप येतं आठ. चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या जागेवर असला की प्रोसेसरला तो उचलणं सोपं जातं, म्हणून मधे तीन बाइटची पोकळी. सी भाषेत स्ट्रक्ट, म्हणजे निरनिराळ्या आकड्यांचा एकत्र बांधलेला साचा, जाहीर करून त्यात थेट फाइल ओतणाऱ्यांचंही घोडं इथेच पेंड खातं. फाइलीत पोकळी नाही, स्ट्रक्टमध्ये आहे, आणि पहिल्या आकड्यानंतर सगळंच सरकतं. म्हणून माझं ठाम मत: < किंवा > नेहमी लिहावं, गरज नाही असं वाटलं तरी.

जावा या भाषेचा खोडा वेगळा. तिथला ‘डेटाइनपुटस्ट्रीम’ कायम बिग-एंडियनच वाचतो, आणि जावाचा बाइट ० ते २५५ नसून उणे १२८ ते १२७ असतो. १३७ हा बाइट तिथे उणे ११९ म्हणून भेटतो. २५५ बरोबर बिटांचा ‘अँड’ केला, म्हणजे दोन्हींत १ असलेले बिट तेवढे ठेवले, की मूळ आकडा परत मिळतो.

पीएनजीचं डोकं

हेडर असलेली फाइल कशी वाचायची ते पीएनजीवर पाहू, कारण हा फॉरमॅट विचारपूर्वक बांधलेला आहे. पहिले आठ बाइट कायम ठरलेले: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बाकीचे पाच म्हणजे सापळे. १३७ मध्ये सर्वांत वरचा बिट लागतो, त्यामुळे फाइल सातच बिट पुढे नेणाऱ्या जुन्या वाटेनं आली असेल तर इथेच उघडं पडतं. १३, १० ही जोडी कुणी ओळ-बदलाची खूण समजून छाटली तर तेही कळतं. शेवटच्या एकट्या १० मध्ये कुणी १३ घुसडला तर तेही. आणि २६ हा तोच बाइट, जुन्या डॉसवर फाइल पडद्यावर दाखवायला घेतली तर ते दाखवणं थांबवणारा. आठ बाइटमध्ये एवढा बंदोबस्त!

अशा ठरावीक सुरुवातीच्या बाइटना मॅजिक नंबर म्हणतात. झिप फाइलीची सुरुवात बहुधा ८०, ७५, ३, ४ अशी असते. पहिले दोन म्हणजे पी आणि के, तो फॉरमॅट घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डची डॉकएक्स फाइल किंवा अँड्रॉइडचं एपीके उघडून पाहा, तिथेही हेच दिसेल, कारण आतून ती झिपच आहे. फाइलीच्या नावाचं शेपूट कुणीही बदलू शकतं, म्हणून ओळख नेहमी डोक्यावरून पटवावी.

आठ बाइटनंतर पीएनजीत तुकड्यांची माळ सुरू होते. प्रत्येक तुकडा असा: चार बाइट लांबी, चार बाइट नाव, मग तेवढा मजकूर, मग चार बाइटची पडताळणी-बेरीज. पहिला तुकडा आयएचडीआर, लांबी १३. त्यात पहिले चार बाइट चित्राची रुंदी, पुढचे चार उंची. म्हणजे फाइलीच्या सुरुवातीपासून सोळा बाइट सोडले की रुंदी, वीस सोडले की उंची. तिथे ०, ०, ७, १२८ आणि ०, ०, ४, ५६ दिसलं तर चित्र १,९२० गुणिले १,०८० चं. क्रम उलटा धरला तर रुंदी होते २,१४,७९,४२,४००. ही चूक मात्र ओरडते: प्रोग्राम एवढी मेमरी मागायला जातो आणि कोसळतो.

तुकड्यांच्या रचनेचा खरा फायदा पुढे समजतो. एखाद्या तुकड्याचं नाव ओळखीचं नसलं तरी त्याची लांबी माहीत असते, त्यामुळे तेवढे बाइट उडी मारून पुढे जाता येतं. ध्वनीच्या डब्ल्यूएव्ही फाइलीही अशाच तुकड्यांच्या असतात, पण बरेच जण तिथे आळस करतात. ‘हेडर ४४ बाइटचा असतो’ असं कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून थेट ४४ बाइट सोडून ध्वनी वाचायला घेतात. बहुतेक वेळा चालतंही. मग एक दिवस मधे गाण्याची माहिती भरलेला जादा तुकडा असलेली फाइल येते आणि गाण्याआधी खर्र असा आवाज ऐकू येतो. ती माहितीच ध्वनी समजून वाजलेली असते. तुकडे मोजत जावं, आकडा पाठ करू नये.

काही फॉरमॅट बाइटचेही वाटे करतात. झिपमध्ये तारखेला दोनच बाइट दिले आहेत: सात बिट वर्षाला, १९८० पासून मोजून, चार महिन्याला, पाच दिवसाला. २३९, ८८ हे बाइट लिटल-एंडियन वाचले की २२,७६७. त्यातले खालचे पाच बिट १५, पुढचे चार ७, उरलेले ४४: म्हणजे १५ जुलै २०२४. वेळेत सेकंदांना पाचच बिट उरतात, त्यात ६० मावत नाहीत, म्हणून सेकंद निम्मे करून साठवले आहेत. मूळ झिप नोंदीत विषम सेकंद नसतो तो यामुळे.

फाइलीत लिहिलेल्या लांबीवर भाबडा विश्वास ठेवू नये, हे वेगळं सांगायला हवं. ‘पुढे इतके बाइट आहेत’ असं लिहिणारा चुकलेला असू शकतो, किंवा लबाड. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली चूक याच जातीची होती. संदेश एखाद्या बाइटचा, त्यावर लिहिलेली लांबी ६४ केबी. सर्व्हर न तपासता तेवढे बाइट परत पाठवत असे, आणि त्यात शेजारच्या मेमरीतल्या लोकांच्या गुप्त गोष्टी जात. फाइल असो की नेटवर्क, लांबी वाचली की आधी पाहावं: एवढे बाइट खरोखर शिल्लक आहेत का? आणि जेवढे मागितले तेवढे हातात आले का, हेही मोजावं.

फॉरमॅटचे नियम कुठेच लिहिलेले नसतील तर हेक्स एडिटर काढून बसावं लागतं. तो प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दाखवतो, दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून, आणि उजवीकडे अक्षरं ओळखू आली तर तीही. ज्या प्रोग्राममधून फाइल बनते त्यात एकच गोष्ट बदलायची, पुन्हा साठवायची, आणि दोन फाइलींत कुठला बाइट हलला ते पाहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण असंच चालतं. ओळींची रुंदी ठाऊक नसेल तर आकड्यांना करड्या छटा देऊन त्यांचं चित्र काढावं. रुंदी एकानं चुकली की प्रत्येक ओळ एक घर सरकते आणि सगळं चित्र तिरकं वाहत जातं. उंचीच्या फाइलीत १,२०१ ऐवजी १,२०० धरून पाहा, डोंगररांगा वाऱ्यानं झुकल्यासारख्या दिसतील.

१,२०० च्या वरचा तो एक जादा रकाना कशासाठी, तर शेजारच्या फाइलीशी सांधा जुळावा म्हणून. एका फाइलीचा शेवटचा रकाना आणि तिच्या पूर्वेकडच्या फाइलीचा पहिला रकाना एकाच रेषेवर असतात, त्यांचे आकडे तेच. मी टेकडीची चूक शोधताना हा सांधा तपासला होता. तंतोतंत जुळला, आणि मी निर्धास्त झालो. दोन्ही फाइली मी सारख्याच उलट्या वाचत होतो, त्या जुळणारच होत्या. शेवटी कागदी नकाशावरच्या एका शिखराची उंची काढली, ती फाइलीतल्या आकड्याशेजारी मांडली, आणि < च्या जागी > केलं.